सेहेचाळीस पूर्णांक एक

सुनीतीचं दोन वर्षांचं काम चुकलंय हे कळलं, तेव्हा मी सेमिनार हॉलच्या शेवटच्या रांगेत चहाच्या थर्मासशेजारी बसलो होतो. मी वर्कशॉपचा माणूस, खरं तर तिथं माझं काम नव्हतं. पण बायकोचं पीएच.डी.चं शेवटचं सादरीकरण, म्हणून विभागप्रमुख म्हणाले होते, "या म्हेत्रे मास्तर, बसा."

भिंतीवर टाकीचं चित्र होतं. खाली निळं, वर तांबडं. सोलर हीटरच्या टाकीत सोडलेलं गरम पाणी वर थरानं कसं साठतं, ते त्यात दिसत होतं. पुण्याहून आलेले परीक्षक सरदेसाई सर चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

"मॅडम, टाकीत सोडलेलं पाणी किती अंशांचं होतं?"

"पंचावन्न, सर."

"आणि हा सगळ्यात वरचा थर किती दाखवतोय?"

सुनीतीनं बाजूच्या रंगांच्या पट्टीकडे बघितलं. बघतच राहिली. मग हळू म्हणाली, "सत्तावन्न."

"टाकीच्या आत हीटर चालू होता?"

"नाही, सर."

"मग पंचावन्नचं पाणी ओतून सत्तावन्न कसं झालं? असं होत असेल तर मला सांगा, आजच घरचा गॅस बंद करतो."

दोघं-तिघं हसले. सरदेसाई सर स्वतः हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "चित्रं फार चांगली आलीत. आकडे कुठंतरी सरकलेत. कुठून सरकले आणि किती, हे नक्की सांगता आलं तर बसल्या जागी दुरुस्ती होईल. ते सांगता येत नसेल, तर पुन्हा मोजायला लागेल."

मग पुढच्या रांगेतून मोजणीचा लेसर चालवणारा निरंजन तेरदाळकर उठला.

"सर, चूक माझी आहे. लेसर पुरता तापायच्या आधी मी काम सुरू केलं असणार."

"किती चूक आली असेल?"

"ते आता नाही सांगता येणार."

"मग पुन्हा मोजा."

सुनीती तेरदाळकरकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. तो तिच्यासाठी उठला आणि ती त्याच्याकडे बघत होती, एवढंच मला दिसलं. मी थर्मास उचलला आणि कप भरायला लागलो.

*

आम्ही दोघं एकाच वर्षी सांगलीजवळच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागलो. तेव्हा दोघंही डिप्लोमाच. तिथंच ओळख झाली, लग्न झालं. पुढं ती शिकत गेली. डिग्री केली, एम.टेक. केलं, लेक्चरर झाली. मी शिकलो नाही. मला हातानं करायचं काम आवडायचं आणि घरात एकानं तरी पाच वाजता यायला हवं होतं. मुलगी ऋता लहान होती. तिची वेणी मी घालायचो. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. निदान तेरदाळकर येईपर्यंत नाही.

माझं खास काम म्हणजे थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडायच्या, टोक पाण्यात सोडायचं, दुसरीकडे डब्यावर तापमानाचा आकडा येतो. जोड बारीक लागतो. माझ्यासारखा जोड आमच्या भागात कुणी करत नव्हतं. सुनीतीनं पीएच.डी.चं काम सुरू केलं तेव्हा पहिली सोळा थर्मोकपल मीच करून दिली.

"अहो, पण अडचण होते," ती एकदा म्हणाली. "तारा पाण्यात घातल्या की थर हलतात. जे मोजायचं तेच बिघडतं."

मग तेरदाळकर आला. बंगळुरूच्या एका संस्थेतून, वर्षभराच्या करारावर, आणि येताना उसना लेसर घेऊन. वय एकतीस. त्याची पद्धत अशी होती. पाण्यात एक गुलाबी रंग अगदी चिमूटभर मिसळायचा. त्यावर लेसरचा हिरवा उजेड पातळ पत्र्यासारखा पाडायचा. पाणी नारिंगी चमकतं. पाणी जेवढं गरम, तेवढी चमक कमी. कॅमेऱ्यानं ती चमक टिपायची. पाण्यात काहीच घालायला नको.

"पाण्याला हात न लावता पाण्याचा ताप बघायचा," तो मला म्हणाला. "तुमच्या तारा आता निवृत्त, मास्तर."

त्यानं ते गमतीनं म्हटलं. सुनीतीही हसली.

तारा तरी अगदी निवृत्त झाल्या नाहीत. कॅमेऱ्याला फक्त चमक कळते, अंश कळत नाहीत. किती चमक म्हणजे किती अंश, हे आधी ठरवून घ्यावं लागतं. त्यासाठी टाकीतलं सगळं पाणी सारखं तापवायचं, ढवळायचं, शांत होऊ द्यायचं, आणि तेव्हाचं खरं तापमान कुणीतरी थर्मोकपलवर बघून सांगायचं. ते मी सांगणार होतो.

काचेची टाकी मी बनवली. खोलीच्या मधोमध काळा पडदाही मीच लावला. छत्रीचं दुहेरी कापड आणून स्वतः शिवला, कारण माझ्या डब्यावरच्या आकड्यांचा उजेडसुद्धा कॅमेऱ्याला चालत नव्हता. लेसरसाठी लागणारे नारिंगी चष्मे दोनच होते. म्हणून ते दोघं पडद्याच्या आत, अंधारात. आणि मी डब्यासमोर, बाहेर.

वर्कशॉपमधला टर्नर हणमंत एक दिवस तोंडातली सुपारी सरकवत म्हणाला, "काय ओ मास्तर, बाईसाहेब आत अंधारात आणि तुम्ही बाहेर राखणीला?"

"काम आहे ते, हणमंत."

"काम तर हायच की. मी कुठं न्हाई म्हणालोय?"

पाण्यातला तो गुलाबी रंग धुवून लवकर जात नसे. सुनीतीच्या बोटांची टोकं कायम गुलाबी असायची. शेजारच्या कुलकर्णी वहिनी विचारायच्या, "अजून रंगपंचमी चाललीय वाटतं तुमच्याकडे?" घरात डब्यांच्या झाकणांवर, कॅलेंडरच्या कोपऱ्यावर, मुलीच्या फ्रॉकवर तिची बोटं उमटलेली असायची. मला ते आवडायचं. मग एकदा तेरदाळकरच्या शर्टावर, खांद्याच्या मागच्या बाजूला, तसंच एक बोट दिसलं. स्वतःचं बोट माणसाला तिथं लावता येत नाही. मी दोन दिवस तेच करून बघत होतो. हात मागं नेऊन.

आणखी एक गोष्ट होती. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. सुनीती एवढी शिकली, पण मला "अहो"च म्हणायची, दुसऱ्यांशी बोलताना "हे" किंवा "मास्तर". लग्नात घेतलं तेवढंच तिच्या तोंडून माझं नाव. त्याला मात्र ती निरंजन म्हणायची. "निरंजन, पाणी ढवळ." "निरंजन, शहाणपणा पुरे." दिवसातून चाळीस वेळा. पडद्याबाहेर बसून मी मोजायचो.

*

तो फेब्रुवारीतला शनिवार होता. कॉलेज रिकामं होतं. चमकेला अंशांचे आकडे लावायचं ते शेवटचं काम होतं. त्यावरूनच पुढची सगळी मोजणी व्हायची होती. सकाळी नवाला लेसर सुरू केला, तासभर तापू दिला, मग आम्ही कामाला लागलो. पाच मिनिटं हीटर द्यायचा, ढवळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. मी आकडा ओरडून सांगायचो, आत कॅमेरा चमक टिपायचा आणि सुनीती तो आकडा निळ्या वहीत लिहायची. वहीवर उजेड नको म्हणून ती अंधारातच अंदाजानं लिहायची.

"बावीस पूर्णांक तीन."

"लिहिलं."

"पंचवीस पूर्णांक दोन."

"लिहिलं हो."

पहिले सात आकडे असे नीट गेले. चाळीस पूर्णांक दोनपर्यंत.

तेवढ्यात आत तेरदाळकर काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं नाही. सुनीती हसली. तिचं एक हसणं होतं, सुरू झालं की तिला श्वास घ्यायला थांबावं लागायचं. ते मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. घरी आम्ही हसत नव्हतो असं नाही. पण तसं नाही.

"काय झालं?" मी बाहेरून विचारलं.

"काही नाही हो," ती आतून म्हणाली. पुन्हा हसली.

डब्यावर आकडा स्थिर झाला होता. त्रेचाळीस पूर्णांक एक. मला वाटलं, यांचं लक्ष आहे का बघू. मी काहीही सांगितलं तरी हे लिहितील का बघू. एवढंच मनात होतं.

"सेहेचाळीस पूर्णांक एक," मी ओरडलो.

हसणं थांबलं. आता ती म्हणेल, अहो, नीट बघा. पाच मिनिटांत सहा अंश कसे चढतील? ती हुशार होती, तिला कळायलाच हवं होतं. मग मी म्हणणार होतो, हां, त्रेचाळीस. तुमचं लक्ष आहे का बघत होतो. आणि मग तिला जरा लाज वाटली असती.

आत कुजबुज झाली. तो काहीतरी बोलला, ती काहीतरी बोलली. मग त्याचा आवाज, अगदी खाली. मग तिचा. नवराबायको पाहुण्यांसमोर कुजबुजतात तसं. आणि मग तिनं मोठ्यानं सांगितलं,

"लिहिलं."

त्यानंतर आत कुणी बोललं नाही. हसणं नाही, निरंजन नाही, काही नाही. मी पुढचा आकडा सांगितला, त्यातही तीन वाढवले. "लिहिलं." पुन्हा शांत. अंधारात दोन माणसं दोन तास एक शब्द न बोलता काय करतात, याचा मी विचार करत होतो, आणि दर वेळी तीन वाढवत होतो. मुद्दामच. मला ते थांबवता आलं असतं. त्रेचाळीसपासूनचे एकूण सहा आकडे मी तसे दिले.

दुपारी ती बाहेर आली तेव्हा चेहरा ओढलेला होता. चष्म्याचे वळ नाकावर होते. तेरदाळकर माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेला. मी म्हटलं, बरोबर. बघणार कसा?

*

सादरीकरणाच्या दिवशी संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. पुलाच्या अलीकडे तिनं मागून विचारलं,

"अहो."

"काय?"

"त्या शनिवारी तुम्ही आकडे नीट बघितले होते ना?"

मी स्कूटर कडेला घेतली. बंद केली.

"म्हणजे? माझ्यावर संशय?"

"नाही हो. संशय कसला? विचारलं फक्त."

"त्याच्या लेसरची चूक, तो कबूल करतोय. तरी तू मला विचारतेस?"

"चुकलं माझं. चला, ऋता वाट बघत असेल."

तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

पुन्हा मोजणी झालीच नाही. लेसर परत पाठवायची तारीख पंधरा दिवसांवर आली होती. उसन्या यंत्रावर चुकीचं काम केलं असं ठरवून विभागप्रमुखांनी तेरदाळकरचा करार वाढवला नाही. तो गेला. जायच्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये आला होता. मी लेथमागं जाऊन उभा राहिलो. हणमंतनं त्याला सांगितलं, "मास्तर न्हाईत, गावाला गेलेत." मी सांगायला लावलं नव्हतं. हणमंतला माझं तोंड बघून कळलं.

सुनीतीनं आणखी एक वर्ष थर्मोकपलवर प्रयत्न केला. मी तिला चोवीस जोड करून दिले, केसापेक्षा थोडे जाड, आयुष्यातले सगळ्यात चांगले. रात्रीचा दिवस केला म्हणतात तसा. थर हललेच. शेवटी ती म्हणाली, "राहू दे आता." नोंदणीची मुदत संपली. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं डॉक्टर होऊन तिची साहेब झाली. ती त्यांना "सर" म्हणायची आणि डबा खाताना त्यांच्या नकला करायची. निळी वही कपाटात गेली.

मी तिला अनेकदा सांगणार होतो. ती आजारी पडल्यावर तर रोज. दवाखान्यात तिच्या पलंगाशी बसून मी वाक्य जुळवायचो. ती विचारायची, "काय पुटपुटताय?" मी म्हणायचो, "गोळ्यांच्या वेळा." गेल्या भाद्रपदात ती गेली.

*

दिवस-वार झाल्यावर मुलगी परत गेली आणि त्यानंतरच्या आठवड्यात तेरदाळकर आला. दार उघडलं तर मी ओळखलं नाही. केस गेलेले, पोट सुटलेलं. आता बेळगावला एका कंपनीची मोजमापाची यंत्रं विकतो म्हणाला. कॉलेजात पुन्हा कुठं लागला नाही.

सुनीतीच्या फोटोसमोर उभा राहून तो रडला. मला रागच आला. मी तिथं असा रडलो नव्हतो. हा कोण रडणारा?

चहा केला. दोघांनी घेतला.

"मास्तर, एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही माझ्यावर रागावला होता ना? मी जाताना तुम्ही लेथमागं होता. तुमच्या चपला दिसत होत्या."

मी रिकामी बशी उचलली.

"मला आपलं वाटायचं, सुनीतीनं तुम्हाला सांगितलं असणार. त्या शनिवारचं."

मी बशी खाली ठेवली. "काय त्या शनिवारचं?"

"आमचं भांडण झालं ते. तुम्ही सेहेचाळीस सांगितलं ना, तेव्हा मी म्हणालो, हा आकडा चुकलाय. चमक एवढी कमी झाली नाही. मास्तरांना परत बघायला सांग. तर काय भडकली माझ्यावर! कुजबुजत, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाली, तुझा लेसर तपास, तो वरखाली होत असेल. मी म्हणालो, अगं, एकदा विचारायला काय जातं? तर म्हणाली..." तो थांबला. त्याला हसू आलं. "म्हणाली, बळवंत म्हेत्रेंनी सांगितलेला आकडा आहे तो. मी त्यांना पुन्हा विचारणार नाही. आणि लिहिला. त्यानंतर दोन तास माझ्याशी बोलली नाही. मीही नाही. मलाही राग आला होता. माझ्या लेसरला नावं ठेवली म्हणून."

"काय म्हणाली? परत सांगा."

"बळवंत म्हेत्रेंनी सांगितलेला आकडा आहे तो."

"असं नाव घेऊन?"

"हो. का?"

मी उठलो, कप आत नेऊन ठेवले. नळ सोडला. ती माझं नाव घेऊन बोलली होती, तीन हातांवर, पडद्यापलीकडे, आणि ते ऐकलं यानं. एकोणीस वर्षं ते याच्याजवळ होतं. माझ्याजवळ नव्हतं. ती गेल्यावर बेळगावहून येऊन हा मला ते सांगणार. इतक्या वर्षांनी, ती नसतानाही, मला त्याचा हेवा वाटला. त्या शनिवारी वाटला त्याहून जास्त.

मी बाहेर आलो तेव्हा तो निळ्या वहीबद्दल विचारत होता. मी ती कपाटातून काढून दिली. वरच्या, उजेड लागलेल्या पानांवरचा रंग उडाला होता, पण आतल्या, कधी उजेड न लागलेल्या पानांवर तिची बोटं अजून गुलाबी होती. त्यानं पानं सावकाश उलटली.

"हॉलमध्ये मी लेसरवर घेतलं ते तिला सावरायला. पण लेसर परत गेल्यावर बंगळुरूला तपासला होता," तो म्हणाला. "अगदी स्थिर. वीस मिनिटांत तयार व्हायचा, आपण तर तासभर तापवला होता. मग चूक आली कुठून, ते मला आजपर्यंत कळलं नाही. नोकरी गेली त्याचं आता काही नाही. पण हे कळायला हवं होतं." त्यानं वही माझ्यापुढं सरकवली. "चित्रं माझ्याकडे आहेत सगळी. नुसतं कळलं ना, की आकडे कुठून सरकले आणि किती, तर अजूनही तिच्या नावावर लेख निघेल. गेलेल्या माणसाच्या नावावरही छापतात. तुम्ही डब्यासमोर होता. काही आठवतं का, मास्तर? काहीही?"

वहीत तिचं अंधारात लिहिलेलं तिरकं अक्षर होतं. चाळीस पूर्णांक दोन. त्याखाली सेहेचाळीस पूर्णांक एक. त्या आकड्याखाली तिनं रेघ मारली होती. ठळक, दोनदा फिरवलेली.

"नाही," मी म्हटलं. "फार वर्षं झाली."

त्यानं मान हलवली. जाताना वहीच्या शेवटच्या पानावर आपला फोन नंबर लिहिला. "आठवलं तर सांगा," म्हणाला, आणि वाकून मला नमस्कार केला. मी त्याला थांबवलं नाही.

याला आता चार महिने झाले. वही टेबलावरच आहे, उजेड लागू नये म्हणून वर वर्तमानपत्र टाकून ठेवलंय. आठव्या आकड्यापासून तेराव्यापर्यंत सहा आकडे आहेत. प्रत्येकातून तीन वजा करायचे आणि त्याला फोन करायचा. दोन्ही अजून झालेलं नाही.